हिंदी महासागरातील छोटे सी-बास : अँथियस आणि त्यांचे भाऊबंद कुठे राहतात, आणि तिथेच का?

खोलपाणी

सेरॅनिडी, म्हणजे सी-बास, या कुळाचे नाव काढले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोबरा किंवा हेकरू येतो. याच कुळात परंपरेने गणल्या गेलेल्या, परंतु पूर्ण वाढूनही बहुधा वीतभर लांबी न गाठणाऱ्या माशांची संख्या मात्र थक्क करणारी आहे, आणि मराठीत त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. हा धागा त्यांच्यासाठी आहे. विषय आवाक्यात राहावा म्हणून मी केवळ हिंदी महासागराचा विचार करणार आहे आणि त्यातही मुख्य भर अँथियस या लहान, रंगीत माशांच्या गटावर देणार आहे.

या गटातील सर्वांत परिचित मासा म्हणजे स्यूडँथियस स्क्वॅमिपिनिस. विल्हेल्म पीटर्स यांनी 1855 मध्ये मोझांबिकच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. मादी नारिंगी, नर जांभळट-गुलाबी, आणि नराच्या पाठीच्या परातील तिसरा काटा लांब, सुतासारखा वाढलेला असतो. प्रवाळभिंतीच्या कडेला, जिथे पाण्याला चांगली ओढ असते, तिथे हे मासे शेकड्यांच्या थव्याने प्रवाहाकडे तोंड करून तरंगतात, वाहत येणारे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, टिपतात आणि धोका जाणवताच एका क्षणात प्रवाळाच्या फटींत शिरतात. तांबड्या समुद्रापासून दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ किनाऱ्यापर्यंत आणि पूर्वेला थेट जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा विस्तार आहे.

एवढा मोठा विस्तार पाहून असे वाटते की अंडी आणि पिल्ले पाण्यावर वाहत जात असल्यामुळे या गटातील सर्वच मासे महासागरभर सारखे पसरले असावेत. प्रत्यक्षात तसे अजिबात नाही. स्यूडँथियस टीनिएटस केवळ तांबड्या समुद्रात आढळतो. स्यूडँथियस कॉनेली दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचा आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण मोझांबिकचा रहिवासी आहे. जांभळ्या अंगाचा आणि पिवळ्या पाठीचा इव्हान्सी, ज्याचे वर्णन जे. एल. बी. स्मिथ यांनी 1954 मध्ये केले, पूर्व आफ्रिकेपासून अंदमान समुद्र आणि ख्रिसमस बेटापर्यंत पोहोचतो, पण पॅसिफिकमध्ये पाऊल ठेवत नाही. इग्निटस मालदीवमध्ये आहे, थायलंडच्या सिमिलान बेटांजवळ आहे, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नाही. याउलट कूपरी, ज्याचे वर्णन रेगन यांनी 1902 मध्ये मालदीवच्या नमुन्यांवरून केले, पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या मध्यापर्यंत भेटतो. सर्वांची पिल्ले वाहणारी, राहणी बरीचशी सारखी, तरीही कोणाचा संसार एका समुद्रापुरता आणि कोणाचा अर्ध्या पृथ्वीवर पसरलेला.

माझे म्हणणे असे आहे की हा विस्तार समजून घ्यायचा असेल तर केवळ प्रवाळ कुठे आहे हे पाहून भागत नाही. पाण्याची खोली, प्रवाहांची दिशा आणि मोसमी वाऱ्यांमुळे पाण्यात होणारे बदल या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. विशेषतः भारताच्या पश्चिम किनाऱ्याबाबत हे फार महत्त्वाचे आहे, कारण इथे हे मासे नाहीत असा समज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे.

तांबड्या समुद्राचे उदाहरण आधी घेतो, कारण तिथे कारण आणि परिणाम यांचा संबंध सर्वांत स्पष्ट आहे. त्याचा हिंदी महासागराशी संबंध बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून येतो आणि तिथल्या उंबरठ्यावर पाण्याची खोली केवळ 137 मीटर आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटरने खाली होती. साहजिकच हा उंबरठा जवळजवळ बंद झाला, आत येणारे ताजे पाणी आटले आणि क्षारता खूप वाढली. अशा वेळी आत अडकलेल्या, तग धरून राहिलेल्या किंवा दाराशी थांबलेल्या माशांची वाटचाल वेगळी झाली. तांबड्या समुद्रातील सुमारे 13 टक्के मासे जगात अन्यत्र कुठेही नाहीत. टीनिएटस हा त्यांपैकीच एक आहे.

पूर्वेच्या टोकाला हीच गोष्ट दुसऱ्या रूपात घडली. पातळी खाली गेल्यावर सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि मलाया यांना जोडणारी जमीन उघडी पडली आणि हिंदी व पॅसिफिक महासागरांमधील उथळ वाटा बंद झाल्या. पश्चिमेकडचा इग्निटस आणि पॅसिफिकमधील त्याचा जवळचा नातेवाईक डिस्पार ही जोडी या विभाजनाचा नमुना म्हणून मला फार बोलकी वाटते. ख्रिसमस आणि कोकोस या बेटांजवळ दोन्ही महासागरांचे मासे आज पुन्हा समोरासमोर येतात. तिथे अनेक कुळांतील जवळच्या प्रजातींचे संकर आढळल्यामुळे संशोधकांनी 2009 मध्ये त्या परिसराला सागरी संकरांचे केंद्र म्हटले.

शिंपला

खोलपाणी, लेख अतिशय आवडला. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की बाजारात हल्ली जिताड्याला सी-बास म्हणतात. तो याच कुळातला का? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. मालवणला आणि गोव्यात ग्रँड आयलंडजवळ पाण्याखाली उतरलेल्या लोकांची छायाचित्रे मी नेहमी पाहते. त्यांत गोबरे दिसतात, परंतु तुम्ही वर्णन केलेले नारिंगी थवे कधीही दिसले नाहीत. मग किनाऱ्यावर हे मासे नाहीत हा समज चुकीचा कसा म्हणता येईल?

खोलपाणी

शिंपलाताई, जिताडा निराळ्या कुळातला आहे. तो खाडीत आणि नदीच्या मुखात वाढणारा, मोठा होणारा मासा आहे, त्यामुळे तो या चर्चेबाहेर राहील.

दुसऱ्या प्रश्नात तुम्ही नेमके बोट ठेवले आहे. उथळ पाण्यापुरते तुमचे निरीक्षण योग्य आहे आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. अँथियसला स्वच्छ आणि सतत वाहते पाणी लागते, कारण तो डोळ्यांनी हेरून एकेक प्लवक टिपतो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याजवळ पावसाळ्याचे महिने नद्यांचा गाळ आणि लाटांनी उपसलेली माती यांमुळे पाणी गढूळ राहते. कडेला खोल उतरत जाणाऱ्या प्रवाळभिंती इथे नाहीत, कारण आपला भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अतिशय रुंद आहे. मुंबईसमोर तो सुमारे 300 किलोमीटर पसरला आहे, तर केरळच्या दक्षिणेकडे तो 60 किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे मालवणच्या खडकांपासून खोल पाण्याची धार फार दूर आहे.

याहून कमी चर्चिलेले एक कारण आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर सरकते आणि त्यात प्राणवायू कमी असतो. वरच्या थरावर पावसाचे हलके गोडे पाणी पसरलेले असल्यामुळे त्याची हवेशी सरमिसळ होत नाही. परिणामी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मंचावरील तळालगतच्या पाण्यातील प्राणवायू जवळजवळ संपतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्यासमोरच्या पाण्यात वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन हे दाखवून दिले आहे आणि त्यासंबंधीचा त्यांचा प्रमुख शोधनिबंध 2000 साली प्रसिद्ध झाला. एका जागी घर करून राहणाऱ्या लहान माशाला दरवर्षी येणारे असे संकट परवडणारे नाही. गोबऱ्यासारखा मोठा मासा तात्पुरता दुसरीकडे सरकू शकतो.

मस्कतकर

मी गेली अनेक वर्षे ओमानमध्ये वास्तव्यास आहे, म्हणून या बाजूची भर घालतो. इथे मोसमी वाऱ्यांचा परिणाम भारतापेक्षाही तीव्र आहे. जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. उष्ण कटिबंधात असूनही त्या दिवसांत धोफारच्या किनाऱ्यावर पाणी इतके गार होते की प्रवाळांबरोबरच समुद्री शैवालांची दाट वाढ होते. प्रवाळावर अवलंबून असलेल्या अनेक माशांसाठी हा पट्टा म्हणजे एक अदृश्य भिंत आहे.

मात्र हीच भिंत काही प्रजातींचे घर झाली आहे. स्यूडँथियस मार्शिया ही प्रजाती रँडल आणि हूव्हर यांनी 1993 मध्ये ओमानच्या नमुन्यांवरूनच जगासमोर आणली. त्याच्या कितीतरी आधी, 1897 मध्ये, बुलेंजर यांनी टाउनसेंडी या प्रजातीचे वर्णन केले. ती ओमानच्या आणि इराणच्या आखातात आढळते. ज्या टाउनसेंड यांच्या नावावरून ती ओळखली जाते ते तारायंत्राच्या समुद्री केबलींची देखभाल करणाऱ्या जहाजावर अधिकारी होते आणि मकरान किनाऱ्यालगत काम करता करता शंख-शिंपल्यांचा मोठा संग्रह त्यांनी जमवला. त्या काळच्या समुद्रविज्ञानाचा बराचसा पाया अशा नोकरदार माणसांच्या फावल्या वेळावर उभा आहे, हे मला नेहमी कौतुकास्पद वाटते.

थोडक्यात, अरबी समुद्राच्या उत्तर भागाला मी रिकामा म्हणणार नाही. तिथे संख्या कमी असली तरी ज्या प्रजाती आहेत त्या इथल्याच आहेत.

अटोल

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक मतभेद नोंदवतो. खोलपाणी यांनी पाण्याच्या गुणधर्मांवर सर्व भर दिला आहे. मला वाटते की आपण ज्याला विस्तार म्हणतो त्यातील मोठा भाग हा कोणी, कुठे आणि किती खोल जाऊन पाहिले याचा परिणाम आहे. मालदीवमध्ये शतकभराहून अधिक काळ मोहिमा झाल्या. गार्डिनर यांची मोहीम 1899-1900 सालची, आणि कूपरी हा मासा त्याच मोहिमेच्या संग्रहातून आला. पुढे पाण्याखाली पोहणाऱ्या पर्यटकांनी तिथला प्रत्येक कडा पाहिला. लक्षद्वीप मालदीवच्याच समुद्राखालच्या पर्वतरांगेवर असूनही तिथे असे काम कितीतरी कमी झाले. जोन्स आणि कुमारन यांनी 1980 मध्ये लक्षद्वीपच्या 603 माशांची नोंद प्रसिद्ध केली. ते काम थोर आहे, परंतु पन्नास-शंभर मीटर खोलीच्या कड्यांवरचे मासे त्या काळच्या साधनांनी हाती लागणे कठीणच होते.

या पर्वतरांगेविषयी महाराष्ट्रातील वाचकांना एक गोष्ट अवश्य सांगावीशी वाटते. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांना आधार देणारी ही समुद्राखालची रांग ज्या तप्त स्थानावरून (भूगर्भातून लाव्हा वर येणाऱ्या जागेवरून) भारतीय भूपट्ट सरकत गेल्यामुळे तयार झाली, त्याच स्थानाशी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा संबंध जोडला जातो. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि मालदीवच्या प्रवाळांखालचा बुडालेला पाया एकाच घराण्यातले आहेत. या रांगेने उत्तर-दक्षिण सुमारे 2,500 किलोमीटर लांबीचा एक पूल माशांना उपलब्ध करून दिला.

खोलपाणी

अटोल, तुमचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. जिथे शोध कमी तिथे नोंदी कमी, हे खरेच आहे. परंतु टीनिएटस तांबड्या समुद्राबाहेर नाही हे शोध कमी पडल्यामुळे घडलेले नाही. केनिया, टांझानिया, सेशेल्स आणि मालदीव येथील उथळ पाणी पुरेसे पाहून झालेले आहे आणि इतका ठळक मासा तिथे नजरेतून सुटणार नाही. म्हणून उथळ पाण्यातील नकाशावर माझा विश्वास आहे. खोल पाण्याच्या बाबतीत मात्र तुमचे म्हणणे पूर्णपणे लागू पडते, आणि आता मी भारताच्या किनाऱ्यावरील त्या राहिलेल्या मुद्द्याकडे येतो.

केरळच्या कोल्लमजवळ शक्तिकुलंगरा आणि नींडकरा ही बंदरे आहेत. तिथल्या ट्रॉलर नौका या शतकाच्या सुरुवातीपासून खोल समुद्रातील कोळंबीसाठी मंचाच्या कडेला, 200 मीटर आणि त्याहून खोल पाण्यात जाळी ओढू लागल्या. कोळंबीबरोबर जे नको असलेले मासे वर आले, त्यांत लहानलहान लाल-गुलाबी सेरॅनिड होते. बंदरावरच्या त्या ढिगांत बसून संशोधकांनी नमुने वेचले आणि एकापाठोपाठ एक नव्या प्रजाती पुढे आल्या. 2012 मध्ये लायोप्रोपोमा रँडली आणि स्यूडँथियस पिलाई, 2013 मध्ये केलिडोपर्का मॅक्युलिकॉडा, 2014 मध्ये प्लेक्ट्रँथियस अल्कॉकी. त्याआधी 1976 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या तलवार यांनी वर्णन केलेला, आज ओडोंटँथियस पेरुमाली या नावाने ओळखला जाणारा मासाही याच किनाऱ्यावरचा. अल्कॉकी हे नाव ज्यांच्यावरून आले ते आल्फ्रेड अल्कॉक ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर शल्यचिकित्सक आणि निसर्गतज्ज्ञ होते. बंगालच्या उपसागरातील केलिडोपर्का इन्व्हेस्टिगेटोरिस या छोट्या सी-बासचे वर्णन त्यांनी 1890 मध्येच केले होते.

म्हणून मी आग्रहाने म्हणतो की आपला पश्चिम किनारा या माशांविना नाही. ते मालवणच्या खडकावर राहत नाहीत, ते मंचाच्या काठावर राहतात, आणि केरळात तो काठ जवळ असल्यामुळे ते तिथल्या बंदरांवर पोहोचतात. किनाऱ्यालगतचा गाळ त्या काठापर्यंत पोहोचत नाही. मात्र अरबी समुद्रातील प्राणवायूची कमतरता असलेला जाड थर तिथून खाली सुरू होतो, त्यामुळे वरून गढूळ पाणी आणि खालून गुदमरवणारे पाणी यांच्यामधल्या एका अरुंद पट्ट्यात त्यांचे जग सामावलेले असावे असे मला वाटते.

शिंपला

हे वाचून चित्र एकदम बदलले. मग विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या आंग्रे बँकेचे काय? तिथे प्रवाळ आहे आणि पाणीही स्वच्छ आहे असे वाचले आहे. शिवाय, खोल पाण्यातील हे सर्व मासे लालच का असतात, हेही सांगावे.

खोलपाणी

कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे ते बुडालेले पठार या दृष्टीने अतिशय मोलाचे आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे 20 मीटर खाली आहे, किनाऱ्यावरचा गाळ तिथवर पोहोचत नाही आणि त्याच्या कडा खोल उतरतात. अँथियसला जे जे हवे ते कोकणासमोर कुठे असेल तर ते तिथे आहे. तिथल्या कड्यांचे, विशेषतः 40 मीटरच्या खालच्या भागाचे, नीट सर्वेक्षण व्हावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

रंगाचे कारण सोपे आहे. सूर्यप्रकाशातील लाल किरण पाण्यात सर्वांत आधी शोषले जातात. दहा-वीस मीटर खाली लाल मासा करडा-काळपट दिसतो आणि शंभर-दोनशे मीटरवर तर तो सावलीत मिसळून जातो. आपल्याला बंदरावर जो भडक वाटतो तो त्याच्या घरी नजरेआड असतो.

सूक्ष्मदर्शी

या चर्चेत प्लेक्ट्रँथियस आणि लायोप्रोपोमा यांना थोडी अधिक जागा मिळावी असे वाटते, कारण छोटे सी-बास म्हणजे थवे करून तरंगणारे मासे असे चित्र येथे तयार होत आहे. प्लेक्ट्रँथियस वंशात 50 हून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांचे वागणे अगदी वेगळे आहे. ते तळाशी, प्रवाळाच्या तुकड्यांत आणि कपारींत एकेकटे बसून राहतात व जवळून जाणाऱ्या बारीक कवचधारी जीवांवर झडप घालतात. त्यांपैकी लाँगिमॅनस हा तीन-चार सेंटीमीटरचा मासा पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेला आहे. लायोप्रोपोमा गुहांच्या आतल्या अंधारात राहतात. केलिडोपर्का तर वाळू आणि चिखलाच्या सपाट तळावर राहतात, म्हणूनच ते ट्रॉलरच्या जाळ्यात सहज येतात.

नमुना ओळखण्याबाबत नव्या अभ्यासकांसाठी दोन शब्द. फॉर्मॅलिन किंवा मद्यार्कात ठेवल्यावर रंग उडतात, म्हणून मासा ताजा असतानाच छायाचित्र घ्यावे. त्यानंतर पाठीच्या परातील काटे आणि मऊ किरण, पार्श्वरेषेवरील (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरील) खवले आणि कल्ल्यांवरील दंतुर काटे मोजावेत. गोबऱ्याच्या पिल्लाशी गोंधळ होत असेल तर खवले पाहावेत. अँथियसचे खवले अंगाच्या मानाने मोठे असतात आणि पार्श्वरेषा पाठीच्या कडेलगत कमानीसारखी जाते. नावांबाबतही सावध राहावे. स्यूडँथियस या वंशात एकेकाळी 60 हून अधिक प्रजाती एकत्र ठेवल्या होत्या. अलीकडे, विशेषतः 2022 पासून, त्यातील अनेक प्रजाती इतर वंशांत हलवल्या गेल्या आहेत आणि संपूर्ण अँथियस गटाला सेरॅनिडीपासून वेगळे कुळ मानणारे संशोधकही आहेत. या धाग्यातील इव्हान्सी, इग्निटस आणि डिस्पार यांना मी म्हणूनच केवळ प्रजातीच्या नावाने ओळखणे पसंत करतो.

अटोल

सूक्ष्मदर्शी यांनी दिलेली माहिती फार उपयोगी आहे. माझी शेवटची शंका अशी. मालदीव आणि श्रीलंका यांच्यामधील प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात तो पश्चिमेकडे आणि पावसाळ्यात पूर्वेकडे वाहतो. मग इग्निटसची पिल्ले पश्चिमेकडे वाहत जाऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वस्ती का करू शकली नाहीत?

खोलपाणी

अंतर हे पहिले कारण आहे. मालदीवपासून आफ्रिकेपर्यंत मध्ये सेशेल्सचा अपवाद वगळता मैलोन्मैल खोल समुद्र आहे, तर अंदमान समुद्राकडे जाताना श्रीलंकेचा आधार मिळतो. तथापि केवळ पोहोचणे पुरेसे नसते. इथे या माशांचे लिंगपरिवर्तन विचारात घ्यावे लागते. स्क्वॅमिपिनिसमध्ये सर्व पिल्ले आधी मादी होतात आणि थव्यातील नर नाहीसा झाला की एखादी मोठी मादी नर बनते, हे लेव्ह फिशेलसन यांनी 1970 मध्ये दाखवले. डग्लस शापिरो यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत थव्यातून अनेक नर एकाच वेळी काढले, तेव्हा जवळपास तितक्याच माद्या एकामागून एक नर झाल्या. म्हणजे नव्या जागी मूठभर माद्या पोहोचल्या तरी वंश सुरू होऊ शकतो, आणि ही त्यांची मोठी ताकद आहे. परंतु हे परिवर्तन थव्यातील परस्परसंबंधांवर अवलंबून असल्यामुळे एकटे-दुकटे पिल्लू पोहोचून उपयोग नाही. ठरावीक काळात, ठरावीक कड्यावर, पुरेशी पिल्ले एकत्र उतरायला हवीत. त्याशिवाय पूर्व आफ्रिकेच्या कड्यांवर इव्हान्सी, स्क्वॅमिपिनिस आणि स्मिथ यांनीच वर्णन केलेला कारबेरी यांचे प्रचंड थवे त्याच प्रवाहात, त्याच प्लवकावर आधीपासून जगत आहेत. अशा भरलेल्या घरात थोड्या पाहुण्यांना जागा मिळणे अवघड जात असावे, असे माझे मत आहे.

सूक्ष्मदर्शी, केलिडोपर्काच्या ताज्या नमुन्यांची छायाचित्रे आणि पार्श्वरेषेवरील खवल्यांची मोजणी तुमच्याकडे असेल तर कृपया याच धाग्यावर द्यावी. रत्नागिरी आणि मालवणच्या ट्रॉलरवर येणाऱ्या किरकोळ मासळीत हे मासे शोधू इच्छिणाऱ्यांना तिचा थेट उपयोग होईल.